सुगिहारांची गोष्ट हेरगिरी गाळून का सांगतात?

ताम्हन:
चिउने सुगिहारा म्हटलं की ठरलेली गोष्ट येते. 1940 चा उन्हाळा, लिथुआनियातलं कौनास, आणि टोकियोचा नकार झुगारून ज्यू निर्वासितांना जपानमार्गे पुढे जायचा व्हिसा देणारा जपानी अधिकारी. त्याच्या व्हिसांच्या यादीत दोन हजारांवर नावं, शिवाय एका व्हिसावर अख्खं कुटुंब. हे सगळं खरंच आहे. पण कौनासला जपानी वकिलात उघडलीच कशाला? तिथे ना जपानी व्यापारी, ना जपानी वस्ती. 1939 मध्ये त्यांना धाडलं ते जर्मन आणि सोव्हिएत सैन्याच्या हालचाली टिपायला. पुढे त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय. ईशान्य चीनमधल्या हार्बिनमध्ये ते रशियन इतकं पक्कं शिकले होते की तिथल्या, म्हणजे मंचुरियातल्या, रेल्वेच्या सौद्यात सोव्हिएत बाजूला घाम फुटला. पुढे मॉस्कोने त्यांना आपल्याकडे नेमणुकीवर येऊच दिलं नाही. माझ्या मते हा मुरलेला हेर होता, म्हणूनच व्हिसांचं काम जमलं. भाबडा माणूस पहिल्याच आठवड्यात अडकला असता.

खडूस_काका:
मग पुढचंही सांगा की. याकुबियानेत्स आणि दाश्किएविच हे पोलिश गुप्तहेर अधिकारी त्यांना बातम्या पुरवत होते. बदल्यात त्यांना हवी होती पोलिश लोकांना निसटायला जपानमार्गे वाट. हा सरळ व्यवहार झाला. त्याला सद्सद्विवेकबुद्धीची झालर कशाला?

मेघना७:
काका, व्यवहार मूठभर अधिकाऱ्यांपुरता. जुलैअखेर फाटकाबाहेर पोराबाळांसकट गर्दी उभी राहिली, ती कुठली बातमी देणार होती? टोकियोचं उत्तर स्पष्ट होतं: पुढच्या देशात जायची सोय आणि पुरेसे पैसे असतील तरच व्हिसा. ‘पुढच्या देशा’ची सोय केली डच कॉन्सुल यान झ्वार्टेंडाइकने. हा मूळचा फिलिप्स कंपनीचा माणूस. कुरासावला (कॅरिबियनमधलं डच ताब्यातलं बेट) व्हिसा लागत नाही, एवढंच तो पासपोर्टवर लिहायचा. गव्हर्नरची परवानगी लागते हे वाक्य गाळायचा. सुगिहारांना यातली मेख कळत नसेल? तरी ते जपानी अक्षरांत हाताने व्हिसा लिहीत राहिले. रात्री बायको युकिको त्यांचे हात चोळून द्यायची. तिला लिहायला मात्र बसू दिलं नाही. उद्या बालंट आलं तर तिच्यावर नको म्हणून.

ताम्हन:
मेघना, बालंटाचा एवढा पुढचा विचार हेरच करतो. माझाच मुद्दा झाला.

सुनंदा_क:
तुम्ही सगळे कौनासच्या एका उन्हाळ्यावर भांडताय. घरच्यांचं काय? पहिली बायको क्लावदिया, हार्बिनची रशियन. तिच्यासोबत अकराएक वर्षांचा संसार, 1935 मध्ये घटस्फोट. बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकते. मुलगा हारुकी 1940 मध्ये कौनासलाच जन्मला. युद्ध संपलं तेव्हा हे कुटुंब रुमानियात बुखारेस्टला होतं. तिथून सोव्हिएत छावण्या, 1947 मध्ये मायदेशी परत, आणि त्याच वर्षी सात वर्षांचा हारुकी गेला. पाठोपाठ युकिकोची बहीण सेत्सुको. ती युरोपभर यांच्या मुलांचं करत फिरली होती. त्यात सुगिहारांची परराष्ट्र खात्यातली नोकरीही गेलेली. साठच्या दशकापासून हा माणूस मॉस्कोत व्यापारी कंपनीची नोकरी करत घरच्यांपासून दूर राहिला. ‘हेर की संत’ हे आपण ठरवत बसायचं, किंमत मोजली ती यांनी.

खडूस_काका:
ताई, दुःखाबद्दल वाद नाही. पण नोकरी व्हिसांमुळे गेली ही दंतकथा आहे. कौनासनंतर प्राग, क्योनिग्सबर्ग (तेव्हा जर्मनीचं शहर), बुखारेस्ट अशा नेमणुका मिळाल्या, 1944 मध्ये सरकारी पदकही मिळालं. शिक्षा अशी देतात होय? 1947 मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानला परराष्ट्र धोरणच उरलं नव्हतं, खात्यात सरसकट कपात झाली.

मेघना७:
क्योनिग्सबर्गला पाठवलं ते सोव्हिएत सीमेवरची जर्मन जमवाजमव बघायला. कामाचा माणूस युद्ध चालू असताना कोण काढतो? युद्ध संपलं, गरज संपली. आणि नुसती कपातच होती, तर 2000 मध्ये परराष्ट्रमंत्री योहेई कोनोंनी कुटुंबाची जाहीर माफी कशाबद्दल मागितली?

खडूस_काका:
2000 पर्यंत नाव जगभर झालं होतं. इस्रायलने 1984 मध्येच गौरवलं होतं. माफी मागणं तेव्हा स्वस्त होतं.

सुनंदा_क:
स्वस्त होतं, तर 1986 मध्ये ते वारले त्याआधी का नाही मागितली?