मैत्री दिवस, ध्वजदिन, विजय दिवस: तिन्हींचा एकच कार्यक्रम चालेल का?

फळाखडू:
शाळेत भारत–बांगलादेश मैत्री दिवस (६ डिसेंबर), सशस्त्र सेना ध्वजदिन (७) आणि विजय दिवस (१६) एकाच दिवशी साजरे करायचं ठरतंय. मंचावर दोन्ही देशांचे ध्वज लावायचेत, निधीही गोळा करायचाय. ध्वज केवढे, कुठल्या बाजूला? आणि बॅनरवर काय लिहावं?

पूर्वसीमा:
कार्यक्रम एक असू दे, पण बॅनरवर तिन्हींची खिचडी नको. ६ डिसेंबर हा लढाईचा दिवस नव्हे. १९७१ मध्ये भारत-पाक युद्ध चालू असतानाच त्या दिवशी भारताने बांगलादेशला मान्यता दिली. भूताननेही त्याच दिवशी दिली. मैत्री दिवस म्हणून तो पाळायचं ठरलं थेट मार्च २०२१ मध्ये. ध्वजदिन तर १९४९ पासूनचा, त्याचा १९७१ शी संबंधच नाही.

१६ डिसेंबरबद्दल बोलताना "आपण जिंकलो" एवढ्यावर थांबू नका. ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानचे जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या ज्या कागदावर सही केली, त्यात जगजितसिंग अरोरा यांचा उल्लेख पूर्व आघाडीवरच्या भारतीय आणि बांगलादेशी अशा दोन्ही सैन्यांचे प्रमुख म्हणून आहे. मैत्रीचा धागा तिथे आयताच सापडतो. बांगलादेशातही हा विजय दिवसच, सार्वजनिक सुट्टीचा. त्यांचा सशस्त्र सेना दिन मात्र २१ नोव्हेंबरला असतो.

भाषणात एक नाव हवंच असेल तर लान्स नाईक अल्बर्ट एक्का. बांगलादेशातल्या गंगासागरची लढाई, ३ डिसेंबर. १९७१ च्या चार परमवीर चक्रांपैकी पूर्व आघाडीवरचं हे एकमेव.

ध्वजकाठी:
ध्वजांचा घोळ मापातच सुरू होतो. लांबी आणि उंचीचं प्रमाण आपलं ३:२, त्यांचं १०:६. त्यामुळे लांबी सारखी धरली की उंची चुकते. उंची सारखी ठेवा: ९० सेंमी घेतली तर तिरंगा १३५ लांब, बांगलादेशचा १५०. लाल वर्तुळाची त्रिज्या लांबीच्या एक पंचमांश, म्हणजे ३० सेंमी. आणि ते बरोबर मधोमध नसतं! केंद्र काठीकडच्या कडेपासून ६७.५ सेंमीवर येतं, म्हणजे काठीकडे थोडं सरकलेलं; फडकताना ते मधोमध दिसावं म्हणून. छापणारे सर्रास मध्यावर छापतात, नाहीतर उलटी कड काठीला बांधली जाते. पिवळा नकाशा असलेलं चित्र उतरवून घेऊ नका, तो १९७१ चा ध्वज. १९७२ मध्ये नकाशा काढला.

काठ्या सारख्या उंचीच्या हव्यात. शांततेच्या काळात एका देशाचा ध्वज दुसऱ्याच्या वर लावत नाहीत, आणि एकाच काठीवर दोन ध्वज तर अजिबात नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपल्या उजव्या हाताला तिरंगा.

फळाखडू:
मागच्या भिंतीवर काठ्या एकमेकींवर तिरप्या लावल्या तर?

ध्वजकाठी:
चालेल. बघणाऱ्याच्या डावीकडे तिरंगा, आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढून. वक्त्याच्या टेबलावर मात्र तिरंगा पांघरायचा नाही. ही चूक हटकून होते.

जमाखर्च:
निधीचं बघा. ध्वजदिनाचा छोटा ध्वज म्हणजे तिरंगा नव्हे. त्यात लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे असतात, तिन्ही दलांचे. बाजारातून तिरंगी पिना आणून वाटू नका. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोला. ध्वज आणि पावत्या कशा मिळतील, पैसे कुठे भरायचे, हे तिथेच ठरवून घ्या.

सगळे पैसे एकत्र करून शाळेच्या नावाने एकच पावती घेतली, तर पालकांना ८०जी ची (देणगीवरच्या प्राप्तिकर वजावटीची) सवलत मागता येत नाही. मोठी रक्कम देणाऱ्याची पावती त्याच्याच नावाने फाडा. २००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर वजावट मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ८०जी लागूच नाही, तेही आधीच सांगा. नंतर वाद नको.