मदत हवी आहे: ४०७ला बॅटरी उलटी लागली, आता चार्जिंग होत नाही

मंडळी, नमस्कार.

वडिलांच्या हातची १९९८ची टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे. निफाडहून लासलगाव मार्केटला कांदा, सीझन संपला की विटा, असं तिचं चालू असतं. इंजिन अजून ठणठणीत. गेल्या सोमवारी बॅटरी बदलताना मात्र घोळ झाला.

नव्या बॅटरीचे खुंटे जुनीच्या उलट बाजूला होते. दुकानात मीही नीट बघितलं नाही, चूक माझीच. त्यात आमच्या दोन्ही केबल काळ्या. पुतण्याने जी केबल जिकडे पोचली तिकडे लावली. प्लसचा खुंटा मायनसपेक्षा दीडेक मिलिमीटरने जाड असतो, त्यामुळे मायनसचा क्लॅम्प त्यावर बसेना. तिथेच थांबायला हवं होतं. पठ्ठ्याने स्क्रू ड्रायव्हर घालून क्लॅम्प फाकवला आणि वरून हातोडीने ठोकला! दुसरी केबल टेकवली तशी वेल्डिंगसारखी ठिणगी उडाली, केबिनखालून धूर आला. केबल खेचून काढेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील.

बॅटरी सरळ करून लावल्यावर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरला, गाडी लगेच चालू झाली. हेडलाईट, हॉर्न, वायपर चालतात. पण:

इंडिकेटर लुकलुकत नाहीत, गाण्यांचा टेप मेला आहे. चावी दिली की चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, तो आता लागतच नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर मल्टिमीटर १२.३ व्होल्ट दाखवतो, रेस दिली तरी काटा हलत नाही म्हणा ना. आणि रात्री चावी काढून ठेवली तरी सकाळी बॅटरी ११.४ वर आलेली असते. अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) सेल्फकडे जाणारी जाड वायर वितळून शेजारच्या दोन वायरींना चिकटली आहे.

गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळं वायरिंग नवीन आणि अल्टरनेटर नवा, चौदा हजार. पुढच्या महिन्यात पासिंग (आरटीओची तपासणी) आहे, म्हणजे इंडिकेटर तरी हवेतच. काका म्हणतात, चालू गाडीत बॅटरीची केबल काढून बघ, बंद पडली तर डायनॅमो (म्हणजे अल्टरनेटर) गेला. हे करू का? आणि सगळं वायरिंग खरंच बदलावं लागेल का?

प्रतिसाद (जुना वायरमन)

आधी काकांचं. ते अजिबात करू नका. जुन्या डायनॅमोच्या काळात खपून जायचं. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि जे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) वाचले असतील तेही जातात. शिवाय तुमचं डिझेल इंजिन मेकॅनिकल पंपावर चालतं, त्याला चालायला करंट लागत नाही. केबल काढूनही ते धडधडत राहील, मग कळलं काय?

बॅटरी सरळ असताना अल्टरनेटरमधले डायोड बॅटरीचा करंट आत येऊ देत नाहीत. उलटी लावली की तेच डायोड सताड उघडतात, बॅटरी थेट शॉर्ट होते आणि त्या जाड वायरीतून सगळा करंट जातो. बहुतेक जुन्या गाड्यांत या वायरीला फ्यूजच नसतो. हेडलाईट, हॉर्न यांना प्लस-मायनसशी देणंघेणं नाही, म्हणून ते वाचले.

आता तपासणी. चावी बंद, बॅटरी जोडलेली, गाडी रात्रभर उभी. सकाळी अल्टरनेटरला हात लावा. कोमट लागला तर डायोड शॉर्ट आहेत. स्क्रू ड्रायव्हर पुलीजवळ न्या, चिकटला तर आतली कॉइल चावी बंद असतानाही करंट खातेय.

मग चावी द्या, अल्टरनेटरची बारीक वायर (दिव्याकडून येणारी) काढून बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि तिथवरची वायर ठीक, दोष अल्टरनेटरमध्ये. नाही लागला तर आधी बल्ब बघा. तो नुसता शोभेचा नाही, त्याच्यातून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब उडालेला असेल तर नवा अल्टरनेटर टाकूनही चार्जिंग सुरू होईलच असं नाही.

तोवर रात्री मायनसची केबल काढून ठेवत जा.

प्रतिसाद (रानवारा)

माझ्या ट्रॅक्टरला हेच झालं होतं. पूर्ण अल्टरनेटर घेऊ नका, डायोड प्लेट सुटी मिळते. वायरिंगचं म्हणाल तर वरची चिकटपट्टी उसवून वायर बोटाने चेपत जा. जिथे कडक, कुरकुरीत लागेल तिथून बदलायची. मऊ आहे ती राहू द्या. आणि जाड वायरीला या वेळी फ्यूज टाकाच.

धागाकर्ता

सांगितलं तसं केलं. सकाळी अल्टरनेटर चक्क कोमट होता आणि दहा-अकराचा पाना पुलीला असा चिकटला की पुतण्या बघतच राहिला. बारीक वायर बॉडीला लावली तर लाल दिवा टच्चकन लागला. म्हणजे बल्ब बिचारा चांगलाच होता.

निफाडच्या दुसऱ्या कारागिराकडे अल्टरनेटर उघडला. डायोड प्लेट काळी पडलेली. प्लेट, रेग्युलेटर, ब्रश मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. वायरिंगमध्ये ती जाड वायर आणि चिकटलेल्या दोन, बाकी सगळ्या मऊ निघाल्या. बॅटरी चार्जरवर सावकाश भरून घेतली, टिकतेय. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर नवा टाकला. आता हेडलाईट लावून, थोडी रेस दिली की १४.१ येतात.

जुना वायरमन

झकास. प्लसच्या केबलला आजच लाल चिकटपट्टी गुंडाळा, आणि फाकवलेला क्लॅम्प बदला. तो सैल राहिला तर पुन्हा इथेच याल. गाण्यांच्या टेपचं काय झालं?

धागाकर्ता

क्लॅम्प बदलला. टेपचा फ्यूज टाकून पाहिला, तरी मेलेलाच. पासिंगला टेप लागत नाही, त्यामुळे तूर्त पुतण्याच गाणी म्हणतोय.