इंग्रजी येत नाही म्हणून ॲडमिशन नाकारलं, तक्रार कुठं करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. पोरीच्या पहिलीच्या ॲडमिशनसाठी इथल्या एका इंग्लिश मिडियम शाळेत गेलो होतो, तर पोरीला रंग-आकडे विचारले ते तिनं पटापट सांगितले, पण नंतर मॅडम आमच्याकडं वळल्या आन् इंग्रजीतच सुरू. बायकोनं मराठीत उत्तर दिलं की मॅडमनी पेन खाली ठेवला, म्हणल्या घरी अभ्यास कोण घेणार मग? बायकोचं डीएड मराठीतून झालंय बरं का, आमच्यात तीच जास्त शिकलेली. आता ती शाळेचं नावच काढू देत नाही.

आरटीई (शिक्षण हक्क) कायदा 2009 च्या कलम 13 मधी पालकांची पण मुलाखत-चाळणी घेता येत नाही असं आहे, पहिल्या वेळेस 25 हजारापर्यंत दंड. शाळेला ते दाखवलं, नकार लेखी मागितला, तर "सीट फुल" म्हणून तोंडीच वाटेला लावलं. पंचायत समितीत गेलो तर क्लार्क म्हणे खाजगी शाळेचं आम्ही काय करणार.

आमचं आरटीईच्या 25 टक्के राखीव जागेतलं नाही, पूर्ण फी भरणार आहोत. शाळा अल्पसंख्याक नाही. याच कायद्याच्या कलम 32 ची तक्रार केली तर निकालाला 3 महिने, तवर शाळा सुरू होऊन जाईल.

तर गटशिक्षणाधिकाऱ्याला अर्ज द्यावा का थेट झेडपीत शिक्षणाधिकाऱ्याला? आन् नकार लेखी नसताना पुरावा म्हणून काय चालतं, कुणी केलंय का असं?