अनुभव धागा: बँड फुटण्याआधीचा शेवटचा अल्बम

मंडळी, ऑल्टरनेटिव्ह रॉक बँड मोडायचं ठरलंय, पण गाणी तयार आहेत. अशा वेळी गोव्यात रेकॉर्डिंग, फायली आणि हक्क कसे सांभाळायचे? कोण कोणाशी भांडला हे नको, कामाचं तेवढं लिहा.

म्हापसेकर
चौघांनी एका खोलीत बसलंच पाहिजे हा हट्ट आधी सोडा. द पोलीस या ब्रिटिश रॉक बँडच्या शेवटच्या 'सिंक्रोनिसिटी' अल्बमचे (१९८३) मूळ ट्रॅक कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर झाले, तेव्हा ड्रम जेवणाच्या खोलीत, बास कंट्रोल रूममध्ये आणि गिटार स्टुडिओत होती. आरईएम या अमेरिकन बँडने मार्च २०११ मध्ये 'कोलॅप्स इंटू नाऊ' काढला, दौरा केलाच नाही आणि सप्टेंबरात बँड संपवला.
ड्रम मात्र सगळ्यात आधी आणि क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक ठोक्यावर, घ्या. गाण्याआधी दोन बारची (दोन आवर्तनांची) मोजणी सोडा, म्हणजे उरलेल्यांना नंतर एकेकटं येऊन वाजवता येतं. क्लिक नसेल तर पुढे जोडकाम करताना प्रत्येक कट ऐकू येतो. ओव्हरहेडचे, म्हणजे ड्रमच्या वर लावलेले, दोन्ही माइक स्नेअरपासून (मधल्या मुख्य ड्रमपासून) सारख्या अंतरावर ठेवा, दोरी लावून मोजा. अंतर चुकलं की फेज बिघडून (दोन माइकचे आवाज एकमेकांना खोडून) स्नेअर पोकळ वाजतो, आणि ड्रमर निघून गेल्यावर ते सुधारायला कोणी नसतं.

फोंड्याचा बासवाला
गिटार आणि बासचा डीआय ट्रॅक (अँपशिवाय वाद्यातून थेट घेतलेला) कोरा ठेवा, अँपचा वेगळा घ्या. टोनवरून वाद झाला तर तोच डीआय रीअँप बॉक्समधून अँपला देता येतो. हा बॉक्स दोघांच्या मधे लावायलाच हवा, कारण इंटरफेसचा (संगणकाला जोडलेल्या रेकॉर्डिंग यंत्राचा) लाइन सिग्नल गिटारपेक्षा जोरकस असतो आणि अँपचा इनपुट अकारण फाटतो.
आणि हो, कौलारू घरात पावसाळ्यात ओव्हरहेड आणि गाणं घ्यायला जाऊ नका, कौलांवरचा पाऊस प्रत्येक ट्रॅकमध्ये शिरतो. डीआय किंवा अँपला चिकटून लावलेला माइक पावसातही चालतो. उरलेलं चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर).

मडगावकर
वरच्यांनी दमटपणा सोडून दिला! कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर (आवाज पकडणाऱ्या भागावर) ओल बसली की चटचट आवाज येतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. जेलने रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. एसीच्या थंड खोलीतला माइक लगेच बाहेरच्या दमट हॉलमध्ये लावू नका, त्यावर पाणी धरतं. झाकलेल्या पेटीतच तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) वापरणार असाल तर कातडं ओलाव्याने सैल पडून सूर उतरतो. टेकआधी तपासा.
फायली: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे २४ ट्रॅकचं चार मिनिटांचं गाणं ८३० एमबीच्या आसपास, तेही एका टेकचं. प्रत्येक वॅव्ह (ध्वनीची फाइल) शून्यापासून सुरू होऊन सारख्याच लांबीची हवी. इफेक्टसह एक आणि इफेक्टशिवाय एक, असे दोन संच करा, नाहीतर प्लगइन (इफेक्टचं सॉफ्टवेअर) ज्याच्या संगणकावर तो बँडबाहेर गेला की मिक्सच उघडत नाही. नावात गाणं, टेम्पो, वाद्य, टेक. प्रत्येक सदस्याला एक हार्ड डिस्क द्या, एकाच्याच घरी सगळं नको.

पणजीचा कागदवाला
खरा घोळ कागदात होतो. चालीचा आणि शब्दांचा हक्क रचणाऱ्यांचा, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतीय कायद्याने निर्मात्याकडे, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याकडे जातो. तो कोण, हे रेकॉर्डिंगआधीच लिहा. एकाच्या नावावर हक्क करताना मुदत लिहायची राहिली तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग जगभर स्ट्रीमिंगसाठी पुन्हा सह्या गोळा करत फिरा.
आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा असतो. वितरक (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारी कंपनी) बदलला तरी तोच ठेवा, नाहीतर आधीचे प्ले नव्या अपलोडशी जुळत नाहीत. वितरकाच्या खात्याचा ईमेल कोणा एकाचा खासगी नसावा, आणि पैसे कोणाच्या बँक खात्यात किती टक्के जाणार ते करारातच घाला.