मदत हवी आहे: जुन्या कॉमिक्सवरून स्क्रीन प्रिंट, ठिपके दगा देताहेत

नमस्कार मंडळी,
माळ्यावर 1970 च्या दशकातले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक सापडले. त्यातले मागच्या गर्दीतले, नाव नसलेले, घामाघूम चेहरे मोठे करून स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) काढतेय. त्यांचा नायक वेताळ (फँटम) नकोय, तो कधी घाबरतच नाही! फुग्यांत वाक्यं माझी: ‘फोन वाजतोय, उचलू नकोस’, ‘सगळे आपल्याकडेच बघतायत’. (लग्नात जेवायच्या रांगेत माझं अगदी हेच होतं.)

काळी रेघ झकास येते. पण गालावरच्या लाल ठिपक्यांत लाटांसारखी नक्षी उमटते, मोआरे. मूळ छपाईच्या ठिपक्यांवर मी पुन्हा 45 लाइनचं हाफटोन (छटा दाखवणारे ठिपके, इंचाला 45 ओळी) टाकलं, तिथेच घोळ असावा. फिल्म 22.5 अंशांत फिरवली, छपाईची जाळी 77 ऐवजी 120 ची, म्हणजे जास्त बारीक विणीची घेतली, फरक जेमतेम.

ब्लर करून ठिपके घालवले तर ओठाबाहेर सरकलेला तो लाल रंगही मवाळ होतो, आणि मला नेमका तोच हवाय. चेहरा जागेवर नाही असं वाटतं त्यानं.

नवं हाफटोन न टाकता मूळ ठिपकेच थ्रेशोल्ड करून (मधल्या छटा काढून निव्वळ काळं-पांढरं करून) कुणी छापलेत का? स्कॅन 600 डीपीआयचा पुरेल की 1200 चा हवा?