भायलीची शेते सोसायट्या होताना पाण्याच्या वाटेचे काय होते?

प्रश्न : दांडियाबाजारकर

नमस्कार. आमच्या तीन पिढ्या वडोदऱ्यात दांडिया बाजारात गेल्या. १९८० च्या सुमारास माझे सासरे पादरा-जंबुसरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने शहराजवळच्या भायली गावी उतरत आणि ओळखीच्या शेतातून तुरीच्या शेंगा घेऊन येत. आता त्याच भागात आम्ही घर पाहत आहोत. मागच्या रविवारी एका सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, भिंतीवर कमरेइतक्या उंचीला गाळाची तपकिरी रेघ दिसली. दाखवणाऱ्याने ती साधी ओल असल्याचे सांगितले. रस्त्यापलीकडे एरंड उभा होता आणि त्याच्या शेजारच्या तुकड्यात वेडी बाभूळ माजली होती. शेताचा प्लॉट नेमका कसा होतो, मध्येच असे पडीक तुकडे का राहतात, आणि घर घेण्यापूर्वी त्या जागी आधी काय होते हे कसे कळेल?

उत्तर : आरेखक

ताई, जमिनीचा उपयोग कागदावर बदलतो त्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्याचे मन त्या शेतातून निघालेले असते. डांबरी रस्ता आला आणि शेजारच्याने चांगल्या भावात जमीन दिली, की विहिरीचा गाळ काढायला किंवा नवी फळझाडे लावायला कोणी पैसे घालत नाही. भाजीपाला बंद होतो, फारशी देखरेख न लागणारा एरंड येतो आणि पुढे तोही पेरला जात नाही. तुम्ही रस्त्यापलीकडे जे पाहिले त्या याच बदलाच्या दोन पायऱ्या आहेत.

आपल्याकडे याला टी.पी. (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) योजनेची जोड आहे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे एका पट्ट्यातल्या सगळ्या शेतांची एकत्र मांडणी करतात, रस्ते, बागा, शाळा अशा कामांसाठी प्रत्येकाच्या जमिनीतून कपात घेतात, जी व्यवहारात बहुधा ४० टक्क्यांच्या आसपास धरली जाते, आणि वेड्यावाकड्या मूळ खंडाच्या बदल्यात मालकाला सरळ कडांचा अंतिम खंड देतात. मी असे नकाशे बरीच वर्षे काढले आहेत आणि ही पद्धत मला न्याय्य वाटते, कारण रस्ता ज्याच्या शेतातून जातो तो एकटाच भूमिहीन होत नाही. मात्र मसुदा, प्राथमिक आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत वर्षे निघून जातात. तोवर कोणी भाव वाढण्याची वाट पाहतो, कुठे भावाभावांत वाटणीचा दावा चालू असतो. शिवाय शेतजमीन खातेदार शेतकऱ्यालाच विकत घेता येते, त्यामुळे ती बिनखेती होईपर्यंत बाकीच्यांना घेता येत नाही. भायली, सेवासी, बिल ही गावे २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, पण इमारती त्याच्या आधीपासून उभ्या राहत होत्या.

उत्तर : समावासी

आरेखक काकांनी मालकीची बाजू नीट मांडली आहे, मी पाण्याची सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने शहरातल्या काळाघोडा पुलापाशी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. आमच्या तळमजल्यावर दोन दिवस पाणी होते; आईची शिसवी पेटी त्यात फुगून फाटली.

नदी जिथून दिसतही नाही अशा ठिकाणीही पाणी भरते, याचे कारण कांस, म्हणजे इथले ओढे. भूखी, मसिया, रूपारेल हे पावसाचे पाणी नदीकडे नेणारे नैसर्गिक ओढे आहेत आणि त्यांना मिळणाऱ्या लहान वाटा शेताशेतांतून येतात. आपल्या गोराडू, म्हणजे रेताड-पोयट्याच्या, जमिनीत बैलगाड्यांच्या चाकांनी खोल गेलेली नेळियुं होती, जी उन्हाळ्यात वाट आणि पावसाळ्यात ओहोळ असत. शेत पाणी जिरवत असे, बांध ते अडवत असे. आता छपरांवरून आणि पेव्हर ब्लॉकवरून तेच पाणी तासाभरात खाली येते, आणि त्याची वाट मात्र भराव घालून बुजवलेली किंवा पाइपात कोंबलेली असते. ओढ्याची वाट उताराने ठरलेली असते, टी.पी.चा रस्ता काटकोनात वळतो म्हणून तीही वळेल असे धरणे फार महागात पडते.

उत्तर : रावपुऱ्याची वकील

ताई, बिल्डरकडून टी.पी. योजनेचा फॉर्म एफ मागा. त्यात अंतिम खंडासमोर मूळ खंड आणि त्याचा सर्व्हे नंबर सापडतो. त्या नंबरचा जुना सात-बारा काढून पीक आणि पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी म्हणून नोंदलेले क्षेत्र) दोन्ही पाहा. चांगल्या जमिनीत पोटखराब्याचे क्षेत्र लागलेले असेल, तर तिथे ओढा, वाट किंवा खड्डा होता का हे गावाच्या जुन्या नकाशावर तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. वकील ताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद काढले. सात-बारावर पोटखराबा आहे, आणि जुन्या नकाशात दोन समांतर रेघा ज्या जागेतून जातात, आरेखक काकांनी फोटोवरून जुळवून दिल्याप्रमाणे, बरोबर तिथे आज तळघरात उतरण्याचा रॅम्प आहे. ते घर आम्ही सोडले. एरंडाचा तुकडा त्याच ओढ्याच्या दुसऱ्या काठावर येतो. तो कोणाच्या नावे आहे हे मी आता शोधते आहे, कारण तिथे पाया खणला जाण्यापूर्वी हा नकाशा त्यांच्या हातात द्यायचा आहे.