उद्योजक, व्यवस्थापक, उद्योगपती : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : बदलत्या अर्थव्यवस्थेतल्या कौशल्यांवरच्या लेखात 'आंत्रप्रनर' आणि 'मॅनेजर' यांची तुलना आहे. पहिल्यासाठी 'उद्योगपती' चालेल का?

– नको. उद्योगपतीत मालकी आणि पसारा येतो, कौशल्य येत नाही. वारसाने कारखाने मिळालेलाही उद्योगपतीच. 'उद्योजक' घ्या. मुळात 'युज्' आहे, म्हणजे जोडणे, जुंपणे. अर्थशास्त्रज्ञ शुंपेटरच्या लेखी उद्योजकाचं काम 'नवी जुळणी' करणं हेच, त्यामुळे शब्द आयताच जुळतो. 'व्यवस्थापक'मध्ये 'स्था' धातू : जागच्या जागी ठेवणारा.

– धातूंवर फार भिस्त नको. खरी मेख 'जोखीम' या शब्दात आहे. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइटने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढल्या : पहिलीची शक्यता मोजता येते, दुसरीची नाही. पहिली व्यवस्थापक हाताळतो, दुसरी उद्योजक. समजा, मालात ४० दिवसांचा पैसा अडकतोय. तो ३० दिवसांवर आणणं हे व्यवस्थापकाचं कसब. मागचे आकडे हाताशी असतात. माल नवा असेल तर मागचे आकडेच नसतात. मग उद्योजक आधी 'किती बुडाले तर झेपेल' हे ठरवतो, ५० नग काढतो, दोन-तीन वेगवेगळ्या किमतींना विकून बघतो. गडबड होते ती मोजपट्टी चुकल्यावर. त्या ५० नगांना वार्षिक अंदाजपत्रकाचा निकष लावला, की प्रयोग पहिल्याच महिन्यात गुंडाळला जातो. उलट, माणसं ४० झाली तरी प्रत्येक बिलावर स्वतःच सही करणारा उद्योजक पुरवठादारांचे पैसे थकवतो. या दोन्ही चुका लेखात यायला हव्यात.

– 'बदलत्या' हा शब्द नुसता शोभेला ठेवू नका. सोव्हिएत कारखान्यांत कच्चा माल खटपटीने मिळवून आणणाऱ्याला 'तोल्काच' म्हणत, शब्दशः ढकलणारा. माल खपवण्याची चिंता नव्हती, मिळवण्याची होती. २ जानेवारी १९९२ला रशियात बहुतेक किमती सरकारी नियंत्रणातून खुल्या झाल्या आणि गणित उलटलं : माल मिळे, रोकड आणि गिऱ्हाईक मिळेना. तिथला व्यवस्थापक कच्चा नव्हता, त्याचं कसब ज्या टंचाईसाठी घडलं होतं तीच उरली नाही. म्हणून 'अकुशल' लिहू नका, 'कालबाह्य कौशल्य' लिहा.

प्रश्न : आणि 'उद्यमी'?

– हिंदी वळणाचा वाटतो. गुण सांगायचा तर 'उद्यमशील' बरा. 'उद्योगी' मात्र टाळाच. मराठीत 'नसते उद्योग' आधी आठवतात.